ब्रोकन हिल : आपला हिशेब पाहुण्यांसमोर उघडा ठेवणारे खाणीचे शहर

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील एखादे खाणीचे गाव पाहायचे ठरवणाऱ्यांच्या मनात बहुधा पहिले नाव येते ते कूबर पेडीचे, कारण ओपल ही रत्ने आणि जमिनीखालची घरे यांमुळे त्या गावाची ख्याती सर्वदूर झाली आहे. ते पाहण्यासारखे आहेच. परंतु खाणकाम माणसांना काय देते आणि त्यांच्याकडून काय घेते हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी आधी ब्रोकन हिलला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम टोकाला, सिडनीपासून सुमारे ११५० आणि ॲडलेडपासून सुमारे ५०० किलोमीटरवर असलेल्या या शहराचा २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत समावेश झाला. एखादे अख्खे शहर त्या यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. हा मान कशासाठी मिळाला हे शहरात फिरताना कळते का, आणि इतक्या लांब येण्याचे चीज होते का, या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

शहरात शिरल्यावर पहिली गोष्ट नजरेत भरते ती म्हणजे काळपट राखाडी रंगाचा एक लांबलचक ढिगारा. खाणीतून निघालेल्या निरुपयोगी दगडांचा हा ढीग शहराच्या मधोमध पसरलेला असून त्याच्या एका बाजूला मुख्य वस्ती आणि दुसऱ्या बाजूला साउथ ब्रोकन हिल आहे. ज्या टेकडीवरून गावाला नाव मिळाले ती टेकडी आता अस्तित्वातच नाही. ती खणून संपली. चार्ल्स रॅस्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाच्या हद्दीवर देखरेख करणाऱ्या माणसाने १८८३ साली तिथले खडक हेरले आणि ते कथिलाचे असावेत असे वाटून जागेवर दावा नोंदवला. सात जणांनी मिळून त्यात पैसे घातले. प्रत्यक्षात त्या खडकांत कथिलाऐवजी चांदी, शिसे आणि जस्त यांचा सात किलोमीटरांहून अधिक लांबीचा साठा निघाला, आणि १८८५ मध्ये त्यातूनच बीएचपी ही कंपनी उभी राहिली, जी आज जगातील सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी एक आहे. कंपनीने १९३९ मध्ये येथील काम थांबवले; इतर कंपन्यांनी ते चालू ठेवले आणि आजही जमिनीखाली खाणकाम सुरूच आहे. त्यामुळे ब्रोकन हिलला उजाड गावाची कळा आलेली नाही. अर्जेंट स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर कामाच्या कपड्यांतील माणसे दिसतात, आणि ऑक्साइड, सल्फाइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट अशी नावे असलेल्या रस्त्यांवर रोजचे व्यवहार चालतात.

पाहण्याची सुरुवात त्या ढिगाऱ्यावरील खाणकामगार स्मारकापासूनच करावी. शहरात वेळ कमी असेल आणि एकच जागा पाहायची असेल, तर तीही हीच असावी. २००१ साली उभारलेले हे स्मारक गंजलेल्या रंगाच्या पोलादाचे आहे. त्याच्या कडेला उभे राहिले की खालचे पत्र्याच्या छपरांचे शहर आणि त्यापलीकडचे सपाट तांबडे माळरान एका नजरेत येते. आत मात्र दृश्य विसरायला होते. खाणींत जीव गमावलेल्या आठशेहून अधिक कामगारांची नावे तेथे काळाच्या क्रमाने लावलेली आहेत, आणि नावासोबत मृत्यूचे कारणही दिले आहे. दगड कोसळून, शाफ्टमध्ये म्हणजे खाणीत उतरण्याच्या उभ्या विवरात पडून, स्फोटात, शिशाच्या विषबाधेने. पहिल्या काही तक्त्यांवर मी एकेक नाव वाचत गेलो. पुढे नावे मागे पडली आणि डोळे कारणांवरूनच सरकू लागले, कारण एकच कारण वर्षानुवर्षे कसे परत येत राहते आणि नंतर कसे विरळ होते हे त्या भिंतीवर सरळ दिसते. कोणत्या काळात कोणती सुरक्षितता नव्हती हे सांगायला वेगळा माहितीफलक लागत नाही. बऱ्याच स्मारकांवर ‘कर्तव्य बजावताना’ अशा मोघम शब्दांत मृत्यू झाकलेला असतो. येथे तो झाकलेला नाही, आणि या शहराबद्दलचा माझा आदर मुख्यतः या एका निर्णयातून आला आहे.

स्मारक पाहून झाल्यावर सल्फाइड स्ट्रीटवरील ट्रेड्स हॉलपाशी, म्हणजे कामगार संघटनांच्या इमारतीपाशी, जरूर थांबावे. बाहेरून ती एक देखणी जुनी इमारत आहे. तिचे महत्त्व समजण्यासाठी स्मारकावरील कारणे डोक्यात ताजी असावी लागतात. येथील कामगारांनी १८९२ मध्ये, १९०९ मध्ये आणि नंतर १९१९-२० मध्ये मोठे संप केले. शेवटचा संप सुमारे अठरा महिने चालला. घरांत अन्न नसताना आणि हाताला दुसरे काम नसताना इतका काळ टिकून राहिलेल्या या लढ्यातून आठवड्याला पस्तीस तासांचे काम आणि धुळीमुळे फुफ्फुसे निकामी झालेल्या कामगारांसाठी भरपाई पदरात पडली. त्या काळी जगात फार थोड्या खाणकामगारांना असे काही मिळाले होते. त्यानंतर अनेक दशके शहराचा कारभार व्यवहारात कामगार संघटनांच्याच हाती होता. या सत्तेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : विवाहित स्त्रियांनी नोकरी करू नये, असा दंडक याच संघटनांनी कित्येक वर्षे लागू ठेवला होता. पुरुषांच्या जिवासाठी इतक्या निर्धाराने लढलेल्या शहरात स्त्रियांच्या पोटापाण्याचा प्रश्न इतका सहज बाजूला सारला गेला, याविषयी पर्यटकांना मिळणारी माहिती अगदीच त्रोटक आहे. ती वाढवायला हवी.

प्रत्यक्ष खाणीत उतरण्याचा अनुभव घ्यायचा असेल तर सिल्व्हर्टन या जवळच्या गावाच्या रस्त्याला फुटणाऱ्या कच्च्या वाटेने डेड्रीम खाणीकडे जावे. येथील चांदीचे काम १८८२ मध्ये, म्हणजे ब्रोकन हिलचा साठा सापडण्याच्याही आधी सुरू झाले, आणि ते हातोडा, छिन्नी आणि मेणबत्ती यांच्या भरवशावर चालले. फेरी सुरू होण्यापूर्वी डोक्यावर दिवा असलेले शिरस्त्राण आणि कमरेला बॅटरीचा पट्टा दिला जातो. शिरस्त्राण कशासाठी ते पहिल्या वळणावरच कळते, कारण बोगद्याचे छत इतके बुटके आहे की ताठ चालणे फारसे शक्यच होत नाही आणि शिरस्त्राण दगडाला घासून खरखरत राहते. पायऱ्या ओबडधोबड आहेत, उतार तीव्र आहे, आणि मधल्या एका अरुंद जागी बाजूच्या भिंतीवरील छिन्नीचे घाव बोटांनी चाचपता येतात. अशा जागी पूर्ण पाळी काम करणारा माणूस दिवसभर पाठ सरळ करत नसेल, हे तेथे शरीरालाच समजते. या खाणींत लहान मुलेही राबत असत. वाटाड्या ते सांगतो तेव्हा आवाज चढवत नाही, आणि तेच योग्य वाटते. फेरीनंतर वर स्कोन, जॅम आणि साय यांसह चहा मिळतो.

डेड्रीमची शिफारस मी मनापासून करतो, मात्र सरसकट सर्वांना नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांनी, बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आणि अगदी लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी विचार करूनच जावे. पायांत बंद बूट हवेत. फेऱ्यांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी. कच्च्या रस्त्यावर पाऊस झालेला असेल तर तीच विचारणा अधिक गरजेची ठरते.

शहरातील खनिज संग्रहालय, म्हणजेच जिओसेंटर, आकाराने लहान आहे आणि तासाभरात पाहून होते. बेचाळीस किलो वजनाचा चांदीचा नैसर्गिक गोळा आणि रॅस्पने बनवून घेतलेले चांदीचे झाड या तेथील दोन प्रमुख वस्तू. झाडाखाली माणसे आणि प्राणी कोरलेले आहेत व कारागिरी अप्रतिम आहे. खडकांच्या विविध रंगांच्या नमुन्यांमध्ये मुले रमतात. स्मारकावरून थेट येथे आल्यास, ज्या धातूसाठी ते सगळे घडले तो धातू समोर दिसतो, म्हणून हा क्रम मला सोयीचा वाटला.

आता ज्या जागेकडे बहुतेक प्रवासी फिरकत नाहीत तिच्याविषयी. शहराच्या उत्तर भागात, जुन्या उंटतळाच्या ठिकाणी, पन्हळी पत्र्याची एक छोटी मशीद आहे. रेल्वे आणि मोटारी येण्यापूर्वी या कोरड्या प्रदेशातील मालवाहतूक उंटांवर चालत असे, आणि ते उंट हाकणारी माणसे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा भागांतून आणली गेली होती. सर्वांनाच सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीच उभारलेली ही मशीद आज स्थानिक इतिहास मंडळ संग्रहालय म्हणून सांभाळते. नमाजाची खोली इतकी लहान आहे की पंधरा-वीस माणसांनी ती भरावी. बाहेरच्या खोलीत उंटांच्या साजाचे सामान आणि जुनी छायाचित्रे आहेत. या माणसांना गावाच्या कडेला राहावे लागले आणि त्यांच्या श्रमांवाचून गावाचे चालत नव्हते, या दोन्ही गोष्टी त्या पत्र्याच्या खोलीत एकत्र येतात. मशीद सहसा रविवारी दुपारी थोडा वेळच उघडी असते आणि स्वयंसेवक ती चालवतात; त्यामुळे प्रवासाचे दिवस ठरवताना रविवार धरूनच ठरवावेत, इतके तिचे मोल मला वाटते.

या प्रदेशाचे मूळ रहिवासी विल्याकाली लोक आहेत. खेदाची बाब अशी की खाणीच्या इतिहासाला जितकी जागा शहरात मिळाली आहे तितकी त्यांच्या इतिहासाला मिळालेली नाही. शहराबाहेरील लिव्हिंग डेझर्ट या राखीव क्षेत्रात ही उणीव थोडी भरून निघते. तेथे एका टेकडीवर, १९९३ मध्ये भरलेल्या शिल्पकारांच्या मेळाव्यात घडवलेली बारा वालुकाश्म शिल्पे उभी आहेत. वेगवेगळ्या देशांतील कलावंतांच्या बरोबरीने बार्कांजी या मूळ रहिवासी समाजातील बॅजर बेट्स यांचे शिल्पही त्यांत आहे, आणि तेथील भूमीशी सर्वांत घट्ट नाते याच शिल्पाचे आहे असे मला वाटले. बहुतेक लोक सूर्यास्ताला येतात. मावळतीचा प्रकाश दगडावर पडतो तेव्हा देखावा खरोखर सुंदर असतो, पण त्या वेळी प्रत्येक शिल्पासमोर छायाचित्रांसाठी गर्दी उसळते. शिल्पे नीट पाहायची असतील तर सकाळी लवकर जावे. पाण्याची बाटली सोबत असावी आणि माश्यांपासून बचावासाठी जाळीची टोपीही, कारण उन्हाळ्याच्या दिवसांत त्या क्षणभरही स्वस्थता देत नाहीत.

चित्रकला हा या शहराचा अनपेक्षित ठेवा आहे. खाणीत काम करत करत चित्रे काढणारे प्रो हार्ट येथेच जन्मले, येथेच राहिले आणि २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. वायमन स्ट्रीटवरील त्यांच्या चित्रदालनात त्यांच्या चित्रांबरोबरच त्यांनी रंगवलेली रोल्स-रॉइस गाडीही पाहायला मिळते. त्यांची मुंग्यांची आणि माळरानावरील सहलींची चित्रे अधिक प्रसिद्ध असली तरी मला खाणीच्या आतील चित्रे जास्त भावली. ज्याने तो अंधार पाहिला आहे त्यालाच कोणता कोपरा उजळवायचा ते ठाऊक असते. शहराचे कलादालन १९०४ पासूनचे आहे आणि आज ते एका जुन्या व्यापारी पेढीच्या भव्य इमारतीत आहे. तेथील मांडणी महानगरातील दालनाच्या तोडीची आहे. १८८९ मध्ये मद्यविरहित उपाहारगृह म्हणून बांधलेले आणि पुढे रीतसर मद्यालय झालेले पॅलेस हॉटेल भिंतीभर आणि छतभर रंगवलेल्या भडक चित्रांसाठी ओळखले जाते. ते एकदा आत जाऊन पाहावे. त्याहून जास्त वेळ देण्यासारखे मला काही आढळले नाही.

विमानतळाजवळील रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसच्या केंद्राला मात्र सवडीने भेट द्यावी. १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लोनकरी येथून सुरू झालेली ही हवाई वैद्यकीय सेवा आज ज्या तळांवरून चालते त्यांतील एक महत्त्वाचा तळ येथे आहे. जवळचा दवाखाना शेकडो किलोमीटरवर असलेल्या कुरणांवरील कुटुंबांसाठी तिचा अर्थ काय, हे तेथील जुनी रेडिओ यंत्रे आणि घरोघरी ठेवलेल्या क्रमांक घातलेल्या औषधपेट्या पाहिल्यावर नीट कळते. डॉक्टर रेडिओवरून क्रमांक सांगत आणि त्या क्रमांकाचे औषध घरातले माणूस रुग्णाला देई. इतकी साधी आणि इतकी विचारपूर्वक केलेली योजना क्वचितच पाहायला मिळते.

सिल्व्हर्टन हे सव्वीस किलोमीटरवरचे गाव पर्यटकांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असते. १८८० च्या दशकात तेथे चांदीची धामधूम होती. ब्रोकन हिलचा साठा सापडताच लोकांनी मुक्काम हलवला आणि कित्येकांनी घरेसुद्धा सोबत ओढून नेली. आज तुरळक दगडी इमारती, जुन्या तुरुंगातील संग्रहालय आणि एक मद्यालय एवढेच उरले आहे. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे गावाला मिळालेली प्रसिद्धी त्याच्या मूळ गोष्टीवर मात करते, हे मला खटकले. तुरुंगातील संग्रहालय मात्र निगुतीने जपलेले आहे. पुढे पाच किलोमीटरवर मुंडी मुंडी मैदान दिसते ते ठिकाण गाठावेच. इतके सपाट आणि इतके मोठे क्षितिज नजरेत मावत नाही.

राहण्याखाण्याच्या सोयी साध्या आहेत. मोटेल, जुनी हॉटेले आणि गाड्यांसाठीचे तळ पुरेसे आहेत आणि खोल्या स्वच्छ असतात. माझी तक्रार एका मोटेलच्या भोजनगृहाविषयी आहे : खोली राखून ठेवताना रात्री उशिरापर्यंत जेवण मिळेल असे सांगितले गेले होते, प्रत्यक्षात लवकरच स्वयंपाकघर बंद झाले आणि रविवारी संध्याकाळी आसपास दुसरे काही उघडे सापडेना. लांबचा प्रवास करून येणाऱ्यांना ही गैरसोय फार जाचते, म्हणून थोडे खाण्याचे सामान जवळ ठेवावे. साउथ ब्रोकन हिलमधील पॅटन स्ट्रीटवरील बेल्स मिल्क बार हे दुकान मात्र चुकवू नये. १९५० च्या दशकातील सजावट तशीच ठेवलेल्या या दुकानात दूधपेयांत घालायचे पाक जुन्या पाककृतींनुसार तेथेच बनतात. माल्ट घातलेले थंडगार दूध धातूच्या उंच पेल्यातून समोर येते तेव्हा पेल्याच्या बाहेर दव साचलेले असते. दुकानाच्या मागील भागात एक छोटे संग्रहालयही आहे.

शहराच्या जिवंतपणाची एक गंभीर बाजू आहे आणि कुटुंबासह जाणाऱ्यांना ती ठाऊक असलीच पाहिजे. शिशाचा साठा पृष्ठभागाजवळ असल्याने आणि शतकाहून अधिक काळ खणला गेल्याने येथील मातीत आणि धुळीत शिसे आहे. स्थानिक मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण आरोग्य यंत्रणा नियमितपणे तपासते. थोड्या मुक्कामासाठी घाबरण्याचे कारण नाही. पण लहान मुलांना उघड्या मातीत खेळू देऊ नये, खाण्यापूर्वी हात धुवावेत आणि बूट खोलीबाहेर काढावेत. धुळीशी या शहराने दीर्घ झुंज दिली आहे. खाणींच्या इंधनासाठी आसपासची झाडे तोडली गेल्यावर वाळूची वादळे घरांवर येऊन आदळत होती. १९३६ पासून स्थानिक वनस्पतिअभ्यासक आल्बर्ट मॉरिस यांच्या पुढाकाराने शहराभोवतीच्या पट्ट्यांना कुंपण घालून तेथे चराई बंद करण्यात आली आणि मूळची झुडपे परत वाढू दिली गेली. हे पट्टे आजही आहेत. शहरात येताना तांबड्या जमिनीवर अचानक करड्या-हिरव्या झुडपांची दाटी लागते ती त्यांचीच. कोणी दाखवून दिल्याशिवाय तिचे मोल लक्षात येत नाही. पाण्याचीही अशीच कथा आहे. वर्षाला सरासरी अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या ठिकाणी आता सुमारे २७० किलोमीटर लांबीच्या वाहिनीने मरी नदीचे पाणी येते. त्यामुळे मुक्कामाच्या खोलीत पाणी जपून वापरावे.

जाण्याचा सर्वांत चांगला काळ मे ते सप्टेंबर. दिवस उबदार आणि रात्री बऱ्याच थंड असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा चाळीस अंशांवर सहज जातो आणि अनेक ठिकाणांच्या वेळा आखडतात. सिडनीहून आठवड्यातून एकदा थेट रेल्वे येते, पण ती दुसऱ्याच दिवशी परतत असल्याने शहर पाहण्यासाठी जवळजवळ पूर्ण आठवडा थांबावे लागते किंवा परतीसाठी दुसरी सोय करावी लागते. एवढ्या महत्त्वाच्या शहराला इतकी तुटपुंजी रेल्वेसेवा असावी, हे मला पटत नाही. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी कोबार ते विल्कॅनिया हा सुमारे २६० किलोमीटरचा टप्पा इंधनाची टाकी भरूनच सुरू करावा आणि अंधार पडल्यावर गाडी चालवणे टाळावे, कारण कांगारू आणि रानटी शेळ्या ऐन रस्त्यावर येतात. शहराचे घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालते, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागे. खाणीची फेरी आणि परतीचे विमान यांच्या वेळा जुळवताना हा अर्धा तास धरायला विसरू नये.